जुन्या फोर्ड पिकअपमध्ये ऑइल प्रेशर गेज: निवड, जोडणी आणि वाचन

अमेरिकेत सर्वाधिक खपणारा पिकअप ट्रक हा मान १९७७ पासून फोर्डच्या ‘एफ’ मालिकेकडे आहे. त्यामुळे बोट ओढण्यासाठी, घरदुरुस्तीचे सामान आणण्यासाठी किंवा निव्वळ हौसेपोटी जुना पिकअप घेणाऱ्याच्या हाती १९८७ ते १९९६ या काळातील एफ-१५० येण्याची शक्यता बरीच असते. या ट्रकच्या डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा काटा आहे. इंजिन सुरू होताच तो मध्यभागी जाऊन स्थिरावतो आणि मालकाला दिलासा देतो. मात्र हा काटा दाब मोजत नाही.

१९८६ पर्यंतच्या मॉडेलांत इंजिनावर बसवलेला सेंडर दाबाच्या प्रमाणात आपला विद्युतरोध बदलत असे आणि काटा त्यानुसार हलत असे. १९८७ पासून फोर्डने त्या जागी साधा चालू-बंद स्विच बसवला. दाब सुमारे ६ पीएसआयच्या वर गेला की स्विच जोडला जातो. डॅशबोर्डमागील २० ओहमचा रेझिस्टर काट्याला मध्यावर आणून ठेवतो. काट्याची नैसर्गिक हालचाल पाहून घाबरलेले ग्राहक तक्रारी घेऊन येत, म्हणून हा बदल झाला असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. कारण काहीही असो, परिणाम एकच: दाब ५० असो वा १०, काटा तोच. भारतातील बहुतेक मोटारींत तेलासाठी फक्त लाल दिवा असतो. या ट्रकमधील काटाही वस्तुतः तसाच दिवा आहे, फक्त काट्याचे रूप घेतलेला.

याची खात्री करून घेणे सोपे आहे. इंजिन बंद ठेवून किल्ली ‘ऑन’ स्थितीत फिरवावी, स्विचवरील वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावे. काटा मध्यावर चढून थांबला, तर गेज दिखाऊ आहे. हा प्रयोग १९८६ किंवा त्याआधीच्या ट्रकवर मात्र करू नये. तिथे प्रवाह आवरणारा रेझिस्टर नसल्याने खरे गेज जळू शकते.

खरे गेज बसवायचे तर दोन प्रकार उपलब्ध आहेत. यांत्रिक गेजमध्ये बारीक नळीवाटे इंजिनातील तेलच डॅशबोर्डपर्यंत येते. वाचन विश्वासार्ह असते, वीज फक्त दिव्यापुरती लागते. पण नायलॉनची नळी एक्झॉस्टच्या पाइपाजवळून गेली तर वितळते आणि तांब्याची नळी सततच्या कंपनाने ठिसूळ होऊन तडकते. नळी केबिनमध्ये फुटली, तर गरम तेल थेट चालकाच्या पायांवर येते. विद्युत गेजमध्ये तेल इंजिनापाशीच राहते, आत येते ती फक्त वायर. रोजच्या वापराच्या ट्रकसाठी थोडे अधिक पैसे मोजून विद्युत गेज घेणे शहाणपणाचे. यांत्रिक गेज शर्यतीच्या गाडीत किंवा गॅरेजमधील तपासणीत शोभते.

विद्युत गेजमध्ये खरी चूक होते ती जोडी जमवताना. प्रचलित अमेरिकी पद्धतीच्या सेंडरचा रोध शून्य दाबाला २४० ओहम व १०० पीएसआयला ३३ ओहम असतो. युरोपातून आलेल्या व्हीडीओ पद्धतीत तो शून्याला १० ओहम असून दाबाबरोबर वाढत सुमारे १८० पर्यंत जातो. म्हणजे दोहोंची दिशाच उलटी. एका पद्धतीचे गेज आणि दुसऱ्या पद्धतीचा सेंडर जोडला, तर इंजिन बंद असताना काटा टोकाला जातो आणि दाब वाढू लागला की खाली येतो. इंटरनेटवर सुटे भाग वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून मागवणाऱ्यांवर ही पाळी हमखास येते. गेज आणि सेंडर एकाच संचातले घ्यावेत.

३०२ किंवा ३५१ घनइंची व्ही-८ इंजिनात मूळ स्विच ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढे, ऑइल फिल्टरच्या वरच्या अंगाला असतो. डावी बाजू म्हणजे अमेरिकेत चालकाची बाजू, हे उजव्या हाताच्या स्टिअरिंगवर वाढलेल्यांनी लक्षात ठेवलेले बरे. तेथील भोकाचे आटे पाव इंची एनपीटी मापाचे आहेत, तर बाजारातील बहुतेक सेंडरचे अष्टमांश इंची. म्हणून मधे अॅडॅप्टर लागतो. ही मापे नळाच्या पोकळीची परंपरागत नावे आहेत. पाव इंची आट्यांचा प्रत्यक्ष बाह्य व्यास १३.७ मिलिमीटर भरतो. मोजपट्टी लावून सुटे भाग विकत घेतले तर फसगत होते.

मूळ स्विच आणि नवा सेंडर दोन्ही ठेवायचे असतील, तर ‘टी’ आकाराचा जोड वापरतात. येथेच बेताने वागावे. सेंडर वजनाला जड असतो. पितळी जोडाच्या टोकाला तो लोंबकळत राहिला, तर काही महिन्यांच्या कंपनाने जोड मुळाशी तुटतो आणि इंजिन आपले तेल रस्त्यावर सांडते. दाब कळावा म्हणून लावलेल्या वस्तूनेच इंजिन जावे, याहून वाईट काय? जोड पोलादी घ्यावा. त्याहून उत्तम म्हणजे ब्लॉकपासून जाळीदार आवरणाची लवचिक नळी आणून सेंडर चॅसिसवर किंवा आतल्या फेंडरवर क्लॅम्पने पक्का करावा. मात्र एकाच वायरीचा सेंडर आपले अर्थिंग आट्यांमधून घेतो. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे घातले किंवा सेंडर इंजिनापासून दूर नेला, तर त्याच्या अंगाला वेगळी अर्थिंगची वायर द्यावी लागते. एनपीटी आटे निमुळते असल्याने आवळताना आपोआप घट्ट होतात; जोर लावत राहिल्यास ओतीव लोखंडाचा ब्लॉकही तडकू शकतो.

काम थंड इंजिनावर, बॅटरीचे ऋण टोक सोडवून करावे. वायर इंजिन आणि केबिन यांमधील पोलादी भिंतीतून, म्हणजे फायरवॉलमधून, न्यायची असते. नवे भोक पाडण्याआधी जुने रिकामे भोक सापडते का ते पाहावे, आणि कोणत्याही भोकात रबरी ग्रोमेट घालावाच. पत्र्याची कड वायरचे आवरण कापते. गेजला तीन जोडण्या हव्यात: किल्लीने चालू होणारा १२ व्होल्टचा प्रवाह, ३ अँपिअरच्या फ्यूजमधून, उघड्या धातूवर अर्थिंग, आणि डॅशबोर्डच्या दिव्यांच्या वायरमधून दिव्याची जोडणी, म्हणजे रात्री उजेड कमी-जास्त करता येतो. १९९४ पासून एफ-१५० मध्ये चालकासाठी एअरबॅग आली, तेव्हा त्यानंतरच्या ट्रकमध्ये स्टिअरिंगच्या परिसरातील पिवळ्या वायरींच्या वाटेला जाऊ नये.

सुरुवातीला इंजिन एक-दोन मिनिटेच चालवून बॅटरीचा प्रकाशझोत जोडांवर टाकावा. थेंब दिसला तर लगेच बंद. मग इंजिन पूर्ण तापू द्यावे. थंड तेल घट्ट असल्याने सुरुवातीचे आकडे फसवे असतात, महत्त्वाचे ते तापल्यानंतरचे. या व्ही-८ इंजिनांसाठी गरम स्थितीत २,००० आरपीएमला ४० ते ६० पीएसआय अशी मर्यादा दिली जाते; ढोबळ हिशेब दर १,००० आरपीएममागे १० पीएसआयचा. टायरच्या हवेमुळे पीएसआय ओळखीचे असले, तरी युरोपीय गेजवर बार असतात: १० पीएसआय म्हणजे सुमारे ०.७ बार.

एकाच दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याचा कल अधिक बोलतो. गरम इंजिनाचा निष्क्रिय गतीचा दाब महिन्यागणिक उतरत असेल, तर क्रँकशाफ्टची बेअरिंगे झिजत आहेत. वळणावर काटा क्षणभर पडत असेल, तर आधी डिपस्टिक काढून तेलाची पातळी पाहावी. दाब अचानक शून्यावर गेला, तर इंजिन त्या क्षणीच बंद करावे. वायर सुटली असेल तर ते थांबून पाहता येते, तेल संपले असेल तर पुढच्या चौकापर्यंतचा प्रवास इंजिनाच्या किमतीत पडतो.

काहींना डॅशबोर्डवर वेगळे गेज नकोच असते. त्यांच्यासाठी १९८६ च्या ट्रकचा सेंडर बसवून डॅशबोर्डमागील तो २० ओहमचा रेझिस्टर वायरने वळसा देऊन वगळण्याची युक्ती आहे. मग मूळ काटाच खरा दाब दाखवू लागतो. त्या काट्यावर आकडे नाहीत, फक्त कमी-जास्त कळते. शिवाय रेझिस्टरपर्यंत पोहोचायला डॅशबोर्डचा संपूर्ण संच बाहेर काढावा लागतो आणि त्यामागचे तीस वर्षांचे लवचिक सर्किट सहज फाटते.