बुडबुड्यांचा ब्रश : श्राव्यातीत ध्वनीने होणाऱ्या सफाईचा इतिहास

चष्म्याच्या किंवा सोन्याचांदीच्या दुकानात आपण पुष्कळदा एक छोटी स्टीलची टाकी पाहतो. दुकानदार तिच्यातल्या पाण्यात चष्मा किंवा अंगठी सोडतो, बटण दाबतो आणि काही क्षणांतच कोंदणाच्या खाचेतून, स्क्रूच्या कडेने, मळाचे बारीक लोट बाहेर पडू लागतात. ब्रश नाही, घासणे नाही, पाणी उकळतही नाही. मग मळ काढतो कोण?

उत्तर थोडक्यात सांगायचे तर बुडबुडे. परंतु हे बुडबुडे माणसाने सफाईसाठी शोधून काढलेले नाहीत. त्यांची पहिली ओळख झाली ती उपद्रव म्हणून. या उपद्रवाचे साधन कसे झाले, ते आपण पाहू.

जहाजांचे दुखणे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जहाजांची इंजिने वेगाने सुधारत होती. 1893 साली पाण्यात उतरलेल्या ब्रिटिश आरमाराच्या ‘डेअरिंग’ या विनाशिकेची इंजिने शक्तिमान होती. तरी चाचण्यांमध्ये तिला अपेक्षित वेग गाठता येईना. पंखा जास्त वेगाने फिरवला, की पाणी मागे ढकलले जाण्याऐवजी पात्यांमागे पोकळ्या तयार होत आणि शक्ती वाया जाई. पात्यांचे क्षेत्रफळ वाढवल्यावर वेग वाढला. थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नाबी यांनी 1895 मध्ये या घटनेचे वर्णन प्रसिद्ध केले. आर. ई. फ्रूड यांनी सुचवलेले ‘कॅव्हिटेशन’ म्हणजे पोकळ्या निर्माण होणे, हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांनाही ‘टर्बिनिया’ या आपल्या नौकेत हाच अनुभव आला. त्यांनी पाण्याची एक छोटी टाकी बांधून तीत पंखा फिरवला आणि लुकलुकत्या प्रकाशात पोकळ्यांचे निरीक्षण केले. पुढे नौकेवर तीन दांडे व प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसवल्यावर ‘टर्बिनिया’ने 1897 मध्ये स्पिटहेड येथील आरमारी संचलनात सर्वांना मागे टाकले.

वेगाचा प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. कांशाच्या भक्कम पंख्यांवर खड्डे पडू लागले. पाणी धातू कसा खाते? या कोड्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मांडले. पाण्यातली गोल पोकळी मिटू लागली, की चहूबाजूंचे पाणी केंद्राकडे धाव घेते. पोकळी जसजशी लहान होते तसतशी सगळी ऊर्जा थोड्याशा जागेत एकवटते आणि क्षणभर तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारो पट होऊ शकतो. पुढे असेही दिसून आले, की पृष्ठभागाजवळची पोकळी गोल राहून मिटत नाही. तिची दूरची बाजू आत घुसते आणि पाण्याची एक सुईसारखी धार पृष्ठभागावर आदळते. कॉर्नफेल्ड आणि सुव्होरॉव्ह यांनी 1944 मध्ये ही कल्पना मांडली. नॉदे आणि एलिस यांनी 1961 मध्ये ती प्रयोगाने दाखवून दिली.

ऐकू न येणारा आवाज

कथेचा दुसरा धागा पॅरिसचा आहे. पिएर आणि झाक क्यूरी या बंधूंनी 1880 मध्ये दाखवले, की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला तर विद्युत्‌भार निर्माण होतो. याच्या उलट, विद्युत्‌दाब दिला तर स्फटिक किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी याच गुणाचा उपयोग करून पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडला. सेकंदाला सुमारे 20,000 पेक्षा अधिक कंपने असलेला ध्वनी माणसाला ऐकू येत नाही, तो श्राव्यातीत. लांजव्हँ यांच्या टाकीत झोताजवळ आलेले छोटे मासे मरत आणि पाण्यात हात घातला तर तो दुखे.

ही हकिकत रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकीविज्ञाच्या मनात राहिली. आल्फ्रेड लूमिस या धनिक हौशी संशोधकाच्या टक्सिडो पार्क येथील प्रयोगशाळेत त्यांनी शक्तिशाली श्राव्यातीत ध्वनीचे प्रयोग केले. 1927 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात तेल आणि पाणी एकजीव होणे, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटणे असे अनेक परिणाम नोंदवलेले आहेत.

दोन धागे जुळले

जहाजाच्या पंख्यामागे पाण्याचा दाब घटतो, म्हणून पोकळी होते. ध्वनीतरंगातही दाब आलटून पालटून वाढतो व घटतो. दाब घटला, की पाण्यातील सूक्ष्म वायुकण फुगतात. वाढला, की ते कोसळतात. 40,000 हर्ट्झ कंप्रतेला एक आवर्तन 25 मायक्रोसेकंदांत पुरे होते. म्हणजे टाकीतल्या वस्तूवर असंख्य सूक्ष्म धारा क्षणोक्षणी आदळत राहतात. बुडबुडे इतके लहान असल्याने, ब्रशचा केस पोचत नाही तेथेही ते पोचतात. टाकी चालू असताना गुणगुण ऐकू येते ती मुख्यतः या बुडबुड्यांच्या गडबडीची.

तत्त्व कळले तरी क्वार्ट्झचे मोठे स्फटिक महाग होते. 1940 च्या दशकात बेरियम टायटेनेट आणि 1950 च्या दशकात लेड झिर्कोनेट टायटेनेट ही हव्या त्या आकारात भाजून बनवता येणारी दाबविद्युत् सिरॅमिक द्रव्ये हाती आली. त्याच दशकात सफाईची यंत्रे कारखान्यांत दिसू लागली. बॉल बेअरिंग, इंधनाचे फवारे, भिंगे, घड्याळांचे भाग अशा वस्तू त्यांत स्वच्छ होऊ लागल्या.

पुढे एक अनपेक्षित कारण घडले. नाजूक भागांवरचे तेल व वंगण काढण्यासाठी सीएफसी-113 हे द्रव्य सर्रास वापरले जाई. ओझोनच्या थराला अशा द्रव्यांपासून धोका आहे हे पटल्यावर 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला. विकसित देशांनी 1996 पर्यंत आणि विकसनशील देशांनी 2010 पर्यंत सीएफसींचे उत्पादन बंद करायचे ठरले. तेव्हा पर्याय म्हणून ज्या पद्धती पुढे आल्या, त्यांत पाणी, साबणासारखे द्रव्य आणि श्राव्यातीत ध्वनी ही जोडीही होती.

स्वच्छ म्हणजे निर्जंतुक नव्हे

रुग्णालयात या टाकीचे महत्त्व वेगळेच आहे. कात्री, चिमटे, दंतवैद्यांची हत्यारे यांच्या बिजागरीत आणि दात्यांत रक्त सुकून बसते. हत्यार तसेच ऑटोक्लेव्हमध्ये ठेवले तर उष्णतेने त्यातली प्रथिने गोठून चिकटतात आणि त्यांच्या थराखाली जंतू सुरक्षित राहू शकतात. म्हणून आधी सफाई आणि मग निर्जंतुकीकरण, हा क्रम मोडता येत नाही. टाकी मळ काढते. सर्व जंतू मारत नाही. वापरलेल्या पाण्यात जंतू राहतात, म्हणून ते वरचेवर बदलावे लागते. रक्त गोठू नये म्हणून पाणी कोमटच ठेवतात, हत्यारे उघडी करून बुडवतात आणि नळीत हवा अडकू देत नाहीत. कारण हवा असेल तेथे पाण्यातले बुडबुडे काम करू शकत नाहीत. हे नियम पाळले नाहीत, तर चकाकणारे हत्यारही रुग्णाला संसर्ग देऊ शकते.

बुडबुड्याला मळ आणि वस्तू यांतला फरक कळत नाही, हेही विसरून चालणार नाही. मोती आणि ओपल यांसाठी, तसेच भेगांत तेल भरलेल्या पाचूसाठी ही टाकी योग्य नाही.

वर्गासाठी

एखाद्या दुकानदाराने परवानगी दिली, तर स्वयंपाकघरातल्या पातळ ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा टाकीत उभा धरून मिनिटभर ठेवा. बोटे मात्र पाण्यात घालू नका. कागदावर बारीक खळगे व छिद्रे दिसतील. ती सगळीकडे सारखी पडली आहेत का, ते विद्यार्थ्यांना विचारा. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1,480 मीटर आहे. 40,000 हर्ट्झला तरंगलांबी किती येईल? उत्तर 3.7 सेंटिमीटर. टाकीत स्थिर तरंग तयार होत असतील, तर जास्त माराचे पट्टे त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे 1.85 सेंटिमीटर अंतराने यावेत. प्रत्यक्षात किती येते ते पट्टीने मोजा आणि फरक पडला तर त्याची कारणे वर्गातच शोधू द्या. कागदावरचे ते खळगे आणि जहाजाच्या पंख्यावरचे खड्डे यांचे कारण एकच आहे, हे मग सांगावे लागणार नाही.