केबल व्यवसायाची दप्तरे (छत्रपती संभाजीनगर)
केबलचालकाच्या वसुलीच्या वह्या, जोडणीच्या याद्या आणि वाहिन्यांशी झालेले करार हे शहराच्या अलीकडच्या इतिहासाचे साधन मानायला हवे. पण ते टिकावे अशी तजवीज कायद्याने केली नाही. केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम, 1995 ने नोंदणीबरोबर कार्यक्रमांची नोंदवही सक्तीची केली, ती मात्र प्रक्षेपणानंतर वर्षभरच जपायची होती. पैशांच्या वह्या भरवशाच्या नाहीत, असा आक्षेप येतो: राज्याचे करमणूक शुल्क जोडणीगणिक असल्याने आकडा कमी दाखवण्याचा मोह उघडच होता. आक्षेप रास्त आहे. तरीही सरकारदरबारी दिलेली यादी आणि गल्लीत वसुली करणाऱ्याच्या खिशातली वही शेजारी ठेवली, तर दोहोंतली तफावतच व्यवसायाचे खरे रूप सांगेल.

केबल प्रक्षेपणाच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातील 38 शहरांत तेव्हाचे औरंगाबाद होते; मुदत 31 मार्च 2013. सेट टॉप बॉक्स आल्यावर मोजणी संगणकाकडे गेली आणि आकडा चोख झाला. उधारी, ओळखीतली सवलत, सणासुदीला लांबलेला हप्ता हे मात्र त्यात उतरत नाही (जुन्या वहीत ते समासात असे). 2017 मध्ये करमणूक शुल्क वस्तू व सेवा करात सामावले गेल्यावर त्या याद्यांची करासाठीची गरजही ओसरली. रद्दीत जाण्याआधी शहरातील ग्रंथालयांनी त्या मागून घ्याव्यात.