बोटीच्या पोटातले आगवाले

मोठ्या प्रवासी जहाजांवर हल्ली इंजिनघर दाखवण्याची सोय असते. जादा पैसे भरायचे, सुरक्षेच्या कागदावर सही करायची, मोबाईल खिशात ठेवायचा आणि एका अधिकाऱ्याच्या मागोमाग लोखंडी जिने उतरत जायचे. आम्हीही एकदा असे उतरलो. आम्ही पिंपरी पेंढारची माणसे. जुन्नर तालुक्यातले, कल्याण-नगर रस्त्यावरचे हे गाव. कांद्याच्या गाड्या माळशेज उतरून वाशीच्या बाजाराला जातात, तेवढाच आमचा समुद्राशी रोजचा संबंध. त्यामुळे उत्सुकता जरा जास्तच होती.

गालिचे, काचेच्या लिफ्ट आणि अत्तराचा वास एका दारापाशी संपतो. दाराच्या पलीकडे पांढरा रंग दिलेले पाइप, तेलाचा दर्प आणि तळव्यांना जाणवणारी थरथर. पण खरे इंजिन आम्हाला दाखवलेच नाही. दाखवली ती एक थंडगार खोली. पडद्यांच्या रांगा, त्यांवर सरकणारे आकडे आणि खुर्चीत बसलेली तीन-चार माणसे. अधिकाऱ्याने समजावून दिले ते असे : या जहाजाची इंजिने थेट पंखा फिरवत नाहीत, ती वीज तयार करतात. त्या विजेवर मोटारी चालतात आणि मोटारींवर पाण्यातले पंखे. त्याच विजेवर वरची स्वयंपाकघरे, गारवा, नाटकगृह, रोषणाई. इंजिनाची वाया जाणारी उष्णताही सोडत नाहीत. तिच्यावर समुद्राचे पाणी कमी दाबाखाली उकळवून त्याचे गोडे पाणी करतात. थोडक्यात, एका गावाचे वीजघर आणि नळपाणी योजना पोटात घेऊन दुसरे गाव वर तरंगत असते. २०२४ साली फिरू लागलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात, नोकरवर्ग दोन हजारांच्या वर आहे. इंजिने मात्र सहा.

इथे खाली माणसे किती लागतात, असे आम्ही विचारले. “आता फार लागत नाहीत,” असे उत्तर आले. पूर्वी किती लागत, आणि ती कोण होती, हे विचारायला तिथे वेळ नव्हता. तो विषय इथे मांडायचा आहे.

मराठीने वाफेच्या जहाजाला नाव मोठे अचूक ठेवले : आगबोट. बोट आगीवर चालते हे आपल्या लोकांनी पहिल्याच नजरेत ओळखले. पण ती आग पेटती ठेवायला माणूस लागतो, त्याचे नाव मराठी इतिहासात शोधून काढावे लागते. कोळशाच्या काळातल्या इंजिनघराची कल्पना यायची असेल तर सगळ्यांना ठाऊक असलेले ‘टायटॅनिक’ घ्या. तिच्यात २९ बॉयलर आणि १५९ भट्ट्या होत्या, आणि दिवसाला सहाशे टनांहून अधिक कोळसा लागे. हा कोळसा उचलणारे यंत्र नव्हते. एकजण कोठीतून तो ढकलगाडीने आणी, दुसरा फावड्याने भट्टीत फेकी. नुसता फेकून भागत नसे. तो सारखा पसरावा लागे, लांब सळईने खालून उकरावा लागे, वितळून गोळा झालेला मळ ओढून काढावा लागे, राख उपसावी लागे. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. भट्टीचे दार उघडले की समोर आग, पाठीमागे दुसऱ्या बॉयलरचे तापलेले लोखंड. तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात खाली पारा पन्नास अंशांच्या पुढे जाई. उष्म्याने शुद्ध हरपून माणसे कोसळत. कोणी धावत वर येऊन थेट समुद्रात उडी घेई.

मुंबईत ही आग लवकर पोचली. ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईच्या गोदीत बांधलेली आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिच्या कोठीत साडेपाच दिवसांचाच कोळसा मावणार होता आणि पहिला टप्पा एडनचा. तेव्हा माणसांच्या राहण्याच्या जागेतही कोळसा भरला, तरीही एडन गाठेपर्यंत जेमतेम काही तासांचा साठा उरला होता. सुएझला पोचायला बत्तीस-तेहतीस दिवस लागले. पुढे पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींची रांग लागली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई हे आगवाले भरती करण्याचे मोठे ठिकाण बनले.

हे आगवाले कोण? सुरुवातीच्या काळात त्यांत सिद्दी मोठ्या संख्येने होते, आणि इथे आम्हा जुन्नरकरांचा संबंध येतो. हबशी माणूस आमच्या भागाला परका नाही. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता झाला, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे त्याने आपल्या सुलतानाची राजधानी जुन्नरलाच ठेवली होती. जुन्नरजवळच्या हापूसबागेचे नाव हबशीबागेवरून आले असे सांगतात. जुन्नर तेव्हा समुद्राला पाठमोरे गाव नव्हते. नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांशी त्याची ये-जा सातवाहनांच्या काळापासून होती. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजात घालून आणलेला घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला आला. इथल्या असदखानाने तो घोडा काढून घेतला आणि मुसलमान झालास तर परत देईन, अशी अट घातली. (घोडा अखेर परत मिळाला, धर्मही राहिला.) किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्द्यांचे राज्य तर १९४८ पर्यंत टिकले. सिद्दी म्हटले की आपल्याला आठवतो तो हा घोड्यावरचा आणि तोफेमागचा सिद्दी.

एकोणिसाव्या शतकातला सिद्दी वेगळा होता. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या आरमाराने गुलामांनी भरलेली गलबते पकडली की सुटका झालेल्या माणसांना कित्येकदा मुंबईत आणून सोडत. काही मुले नाशिकच्या मिशनऱ्यांच्या आश्रमात गेली. त्यांतलीच काही पुढे लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत परतली, म्हणून त्यांची नावे तरी पुस्तकांत आली. बाकीच्यांतले पुष्कळ तरुण गोदीत आणि बोटींवर लागले. आरमार आणि कंपन्या, दोघेही त्यांना सरसकट ‘सीडी’ म्हणत आणि भट्टीपुढे उभे करत. गुलामीतून सुटलेला माणूस पहिली मजुरी करतो ती पन्नास अंशांत, हे लक्षात घेतले म्हणजे ‘सुटका’ हा शब्द जपून वापरावासा वाटतो.

पुढे सिद्द्यांची जागा पंजाब आणि सरहद्द प्रांतातल्या मुसलमानांनी घेतली. मीरपूर, अटक या बाजूचे, समुद्र कधीही न पाहिलेले शेतकरी रेल्वेने मुंबईला येत आणि थेट बोटीच्या तळाशी जात. आपल्या कोकणी बांधवांना हे जरा खटकेल. पण मुंबईच्या बोटींवर रत्नागिरी-बाणकोटकडचा मुसलमान प्रामुख्याने वर, डेकवर होता. शिडे, दोर, नांगर हे त्याचे पिढीजात ज्ञान. जेवणघर आणि प्रवाशांची खिदमत गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे. म्हणजे एका बोटीत तीन मजले, तीन मुलूख. कंपन्यांना ही विभागणी सोयीची होती. एका मजल्याने काम थांबवले तरी दुसरा त्याच्या पाठीशी उभा राहील याची खात्री नसे.

या सगळ्यांना मिळून एक भाषा मात्र होती, आणि ती निम्मी आपलीच आहे. सारंग, तांडेल, मालम, खलाशी, भंडारी, आगवाला, कोयलावाला, तेलवाला. सारंग फारसी ‘सरहंग’वरून आला, मालम अरबी ‘मुअल्लिम’वरून, नाखवा हा फारसी ‘नाखुदा’. तांडेल तर आजही आपल्या कोळीवाड्यांत आडनाव होऊन नांदतो आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांना ही बोली शिकावी लागे. तिचा कोश टॉमस रोबक याने १८११ मध्येच केला होता आणि आगबोटींच्या काळात, १८८२ साली, तो सुधारून पुन्हा निघाला.

काम एकच असले तरी मोल एक नव्हते. हिंदी खलाशाला गोऱ्या खलाशाच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा पगार मिळे. कायद्यानेच दोघांच्या जागेचे माप वेगळे ठरवले होते : १८९४ च्या सुमारास गोऱ्याला झोपायला ७२ घनफूट, हिंदी माणसाला ३६. हिशेब करून पाहा. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच. त्या मापाची दुसरी जागा कोणती, हे वाचकांना सांगायला नको. कंपन्यांचे म्हणणे असे की, या लोकांना उष्ण हवेची सवय असते. मीरपूरच्या थंडीत वाढलेल्या माणसाला भट्टीची सवय कुठून असणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही. भरतीसाठी सारंगाला आणि दलालाला पैसे चारावे लागत. १९३१ च्या शाही मजूर आयोगानेही या लाचखोरीची दखल घेतली. ऑस्ट्रेलियाने १९०१ च्या टपाल कायद्यात तर टपाल नेणाऱ्या बोटींवर फक्त गोरे खलाशी असावेत असे कलमच घातले. म्हणजे स्वस्त म्हणून हवा आणि काळा म्हणून नको. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश बोटींवर असे पन्नास हजारांच्या घरात हिंदी खलाशी होते.

संकटकाळी दोष कोणावर जाई, याचे उदाहरण ‘इजिप्त’ बोटीचे. लंडनहून मुंबईला निघालेली ही पी. अँड ओ. ची बोट २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन वीस-एक मिनिटांत बुडाली. हिंदी खलाशांनी घाबरून होड्यांवर झडप घातली, अशी हाकाटी विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी केली. गोंधळ झाला असेल. तेवढ्या वेळात तो होणारच. पण मेलेली माणसे मोजली तर ऐंशीहून अधिकांत प्रवासी पंधराच्या आसपास, बाकी सगळे बोटीवरचे नोकर. चौकशीत ठपका आला तो कप्तानावर, माणसे वाचवण्याची नीट व्यवस्था न केल्याबद्दल. तिच्यातले सोने-चांदी मात्र लोक विसरले नाहीत. १९३२ मध्ये एका इटालियन जहाजाने चारशे फूट खोल पाण्यातून ते वर काढायला सुरुवात केली.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच याच खलाशांनी विलायतेच्या बंदरांत आणि इतरत्र संप पुकारला. पगार वाढवा, नाहीतर बोट हलणार नाही. काहींना तुरुंगात टाकले, पण पगार वाढवावा लागला. भट्टी थंड पडली की बोट निव्वळ लोखंड, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आमच्या आधीच्या पिढीला आगबोट माहीत होती ती हजची. १८७७ मध्ये निघालेली बॉम्बे अँड पर्शिया कंपनी १९३८ मध्ये मोगल लाइन झाली. तिच्या ‘अलवी’, ‘रिझवानी’, ‘इस्लामी’, ‘मोहम्मदी’ या बोटींची नावे गावोगावच्या हाजींच्या तोंडी असत. हाजी परत आले की वादळाच्या, उलट्यांच्या, डेकवर जमातीने पढलेल्या नमाजांच्या गोष्टी सांगत. यलमलमच्या समोर बोट आली की भोंगा होई आणि सगळे एहराम बांधत, हे तर प्रत्येकाकडून ऐकायला मिळे. तो भोंगा वाफेचा होता. ती वाफ खाली कोणीतरी करत होते, आणि लब्बैकचा गजर वर चालू असताना त्यांची पाळी संपलेली नसे. हाजींच्या एकाही गोष्टीत आम्ही त्यांचा उल्लेख ऐकलेला नाही. १९९५ मध्ये मुंबईची हजची बोट बंद झाली आणि त्या गोष्टीही हळूहळू सरल्या.

फाळणीनंतर मुंबईच्या बोटींवरचे पंजाबी आणि पठाण आगवाले एका रात्रीत परदेशी झाले, आणि त्यांच्या आठवणी सीमेपलीकडे गेल्या. तोवर कोळसाही मागे पडून तेल आले होते. भट्टीपुढची गर्दी विरळ होत होत त्या थंडगार खोलीपर्यंत आली.

लिव्हरपूलच्या धक्क्यावर इंजिनघरातल्या वीरांचे १९१६ साली उभारलेले मोठे दगडी स्मारक आहे. मूळ कल्पना टायटॅनिकच्या इंजिनिअरांची होती, पुढे ते सगळ्यांचे झाले. त्यावर आगवाल्यांच्याही मूर्ती आहेत, अर्थात गोऱ्या चेहऱ्यांच्या. आपल्याकडे मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात, इंडियन सेलर्स होममध्ये, पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांसाठी एक पुस्तक आहे. त्याची एक प्रत तिथे आणि दुसरी बांगलादेशात चितगावला. त्यात व्यापारी बोटींवरच्या सुमारे सहा हजार माणसांची नावे आहेत. मुंबईला भाजीची गाडी घेऊन जाणारे आमच्याकडचे लोक मस्जिद बंदरावरून रोज ये-जा करतात.