शाळिग्राम : एका शब्दाचें कूळ

नशिराबादेंतील एखाद्या देवघरांत तुळशीपत्राखालीं शाळिग्राम असला, तरी तो खानदेशच्या भूमींतला नव्हे. इथला काळा खडक लाव्हारसाचा. त्यांत सागरी शंख सांपडत नाहींत. शाळिग्राम येतो नेपाळांतील काळी गंडकीच्या पात्रांतून. त्या नदीकांठच्या शालग्राम नांवाच्या तीर्थावरून शिळेस हें नांव पडलें, असें परंपरा मानते. पुढें स्थळ मागें पडलें आणि शिळाच विष्णुरूप ठरली. मराठींत तर ठोंब्या माणसासहि थट्टेनें ‘शाळिग्राम’ म्हणूं लागले.

शिळेंतील वेटोळ्यांस भाविकांनीं चक्र मानलें. वस्तुतः तें अ‍ॅमोनाइट नामक सागरी प्राण्याचें कवच होय. रोमन पंडित प्लिनी यानें अशाच एका वेटोळ्या दगडास मेंढ्याच्या शिंगांच्या अम्मोन देवाचें शिंग म्हटलें. वेटोळें एकच, एकास त्यांत चक्र दिसलें, दुसऱ्यास शिंग, देव मात्र दोघांसहि दिसला.

गंडकीचीं हीं कवचें सुमारें 15 कोटी वर्षांपूर्वींच्या टेथिस समुद्रांतलीं. दख्खनचा लाव्हारस वाहिला सुमारें 6.6 कोटी वर्षांपूर्वीं. त्याच सुमारास अ‍ॅमोनाइटांचा वंशहि संपला. म्हणजे घराचें जोतें ज्या काळ्या दगडाचें, त्याच्या दुपटीहून अधिक वय देवघरांतल्या त्या लहानशा शिळेचें आहे. तिला अनादि म्हणणाऱ्यांची श्रद्धा अगदींच अस्थानीं नव्हती.