अंतर्नेत्रशोथ : उपचार व प्रतिबंध यांचा इतिहास

नेत्रगोलाच्या आतील भागात, विशेषतः काचाभ द्रवात, सूक्ष्मजंतू किंवा कवके शिरून होणाऱ्या पूयकारक शोथास (दाहयुक्त सुजेस) अंतर्नेत्रशोथ म्हणतात. काचाभ द्रवात रक्तवाहिन्या नसल्याने शरीराची संरक्षक यंत्रणा व रक्तातून येणारी औषधे तेथे अपुरी पडतात, तर सूक्ष्मजंतू झपाट्याने वाढतात. परिणामी जालपटलाचा नाश होऊन काही तासांत वा दिवसांत कायमचे अंधत्व येऊ शकते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि डोळ्यास झालेली आरपार जखम ही या रोगाची दोन प्रमुख कारणे होत. तीव्र वेदना, लाली, पापण्यांची सूज व दृष्टी एकाएकी मंदावणे ही त्याची लक्षणे आहेत.

शस्त्रक्रियेनंतर उद्‌भवणारा हा धोका भारतीय वैद्यकास प्राचीन काळापासून परिचित होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने मोतीबिंदू बाजूस सारण्याची क्रिया वर्णिली असून सदोष वेधामुळे लाली, सूज इ. विकार होतात, असे सांगितले आहे. ही क्रिया करणारे फिरते वैद्य विसाव्या शतकातही खेडोपाडी आढळत. रुग्णाला तत्काळ दिसू लागे. तथापि अस्वच्छ शलाकेमुळे संसर्ग होऊन अनेकांचा डोळा जाई आणि तोपर्यंत वैद्य पुढच्या गावी गेलेला असे. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये जंतुनाशक शस्त्रक्रियापद्धती प्रसिद्ध केल्यावर आणि पुढे उपकरणांचे निर्जंतुकीकरण रूढ झाल्यावर संसर्गाचे प्रमाण घटले. पण एकदा झालेल्या संसर्गावर खात्रीचा उपाय नव्हता.

फोन झालमान यांनी १९४४ च्या सुमारास सशांच्या डोळ्यांत पेनिसिलिनाचे थेट अंतःक्षेपण करून पाहिले. ही कल्पना दीर्घकाळ मागे पडली. प्रतिजैव पदार्थाची कोणती मात्रा जालपटलास अपायकारक नाही, हे गुलाम पेमन व इतरांनी १९७० नंतरच्या दशकात प्रयोगांनी ठरविल्यावर ती व्यवहारात आली. याच सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी काचाभ द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४२० रुग्णांवरील अमेरिकेतील अभ्यासात (१९९५) असे दिसले की, केवळ उजेडाची जाणीव उरलेल्या रुग्णांना ही शस्त्रक्रिया विशेष उपकारक ठरते. इतरांस अंतःक्षेपण पुरेसे होते. सामान्यतः व्हॅन्कोमायसीन (१ मिग्रॅ.) व सेफ्टाझिडीम (२·२५ मिग्रॅ.) प्रत्येकी ०·१ मिलि. द्रावातून देतात.

महाराष्ट्रात या रोगाचा इतिहास नेत्रशिबिरांच्या इतिहासाशी निगडित आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. शाळांच्या वा धर्मशाळांच्या खोल्यांत भरणाऱ्या शिबिरांनी असंख्य गरिबांना दृष्टी दिली. मात्र एकच दूषित द्राव अनेकांच्या डोळ्यांत गेल्यास सर्वांनाच संसर्ग होण्याचा धोका त्यांत होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ – २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविलेल्या मोतीबिंदू प्रकल्पापासून रुग्णांची तपासणी गावात व शस्त्रक्रिया रुग्णालयात, ही पद्धत दृढ झाली. तरीही केवळ इमारत पक्की असणे पुरेसे नसते. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईतील महानगरपालिकेच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या सात रुग्णांना संसर्ग होऊन त्यांपैकी पाच जणांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली.

धुळे व जळगाव या खानदेशातील शेतीप्रधान जिल्ह्यांत दुसरे कारणही महत्त्वाचे ठरते. बाभळीचा काटा, कापसाच्या पऱ्हाटीचे टोक किंवा धान्याचे कूस डोळ्यात घुसल्यास मातीतील जंतू व कवके आत जातात. मातीतील काही दंडाणू एका दिवसातही डोळा निकामी करतात. कवके मात्र संथपणे वाढतात व त्यांवर निराळी औषधे द्यावी लागतात. अशा जखमेत घरगुती औषध घालणे किंवा डोळा चोळणे घातक होय. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धुळ्यास पुढे सुरू झाले. तत्पूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या रुग्णास अशा उपचारांसाठी दूरचे शहर गाठावे लागे आणि या रोगात प्रवासातला वेळ हाच निर्णायक ठरे.

प्रतिबंधाचे तीन उपाय सिद्ध झाले आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात पोव्हिडोन-आयोडिनाचा ५% द्राव घातल्याने संसर्ग घटतो, हे १९९१ मध्ये दिसून आले. शस्त्रक्रियेच्या अखेरीस सेफ्युरॉक्झीम नेत्रगोलाच्या पुढील कप्प्यात सोडल्यास धोका सु. पाचपटींनी कमी होतो, असे यूरोपीय अभ्यासात (२००७) आढळले. तमिळनाडूतील अरविंद नेत्ररुग्णालयांनी सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या पाहणीत (२०१७) मॉक्सिफ्लॉक्सासिनामुळे हे प्रमाण ०·०७ टक्क्यांवरून ०·०२ टक्क्यांवर आल्याचे दाखविले. हे औषध स्वस्त असल्याने भारतास ते विशेष उपयुक्त आहे. तथापि रुग्णाची जागरूकता हा शेवटचा उपाय राहतो : शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी डोळा दुखू लागून दृष्टी कमी झाल्यास पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जाणे आवश्यक असते. [⟶ मोतीबिंदू].