धुराड्याला टोपी कशाला?

आजच्या भागात इतिहास आहे, पण तो राजांचा नाही. तो आहे छपरातल्या एका भोकाचा.

घरात चूल पेटली की धुराला वाट हवी. आणि धूर जातो त्याच वाटेनं पाऊस आत येतो. हे भांडण आपल्या सातारा-सांगलीत कसं मिटवलं गेलं, ते आज बघू.

आधी पूर्वेकडे जाऊ. माण, खटाव, आटपाडी, जत हा कमी पावसाचा पट्टा, वर्षाला साधारण 500-600 मिलिमीटर. इथली जुनी घरं माळवदाची, म्हणजे लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. चुलीच्या वर माळवदात एक भोक ठेवायचे, त्याला म्हणतात साणं. त्यातनं उजेड यायचा, धूर जायचा. पाऊस आला की कुणीतरी वर चढून त्यावर फरशी नाहीतर घमेलं पालथं घालायचं. पावसाचे दिवस मोजके, म्हणून हे चालून गेलं. पण साणं झाकलं की धूर घरातच. आणि तो कुणाच्या डोळ्यांत? चुलीपुढं बसलेल्या बाईच्या.

आता पश्चिमेला, महाबळेश्वरला. 1828-29 च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणी करून ही जागा मिळवली. साहेबांनी बंगले बांधले, भिंतीत शेकोट्या केल्या आणि छपरावर धुराडी चढवली. धुराडं विलायती, पाऊस मात्र सह्याद्रीचा! सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. उघड्या तोंडातनं पाणी आत शिरतं आणि जांभ्याची भिंत ते पिऊन घेते. साहेब लोक पावसाळ्यात सरळ खाली निघून जायचे. मागं राहणारी स्थानिक माणसं मात्र पावसाआधी घरं गवतानं झाकून घ्यायची.

मग टोपी नेमकं काय करते? टोपी म्हणजे बूच नव्हे, छत्री! ती तोंडापासून वर उचललेली असते. पाऊस छत्रीवर पडतो, धूर बाजूनं निघतो. याचं गणितही सोपं आहे. नळाचा व्यास 6 इंच असेल, तर टोपीखाली किमान दीड इंच फट लागते, तेव्हा बाजूची मोकळी जागा नळाच्या तोंडाएवढी होते. काजळी साचते, पाखरांसाठी जाळी लागते, म्हणून 3 इंच ठेवलेली बरी. टोपीची कड नळाच्या बाहेर आलेली हवी, आणि धुराड्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे पाणी भिंतीत मुरत नाही. तोंड आढ्यापेक्षा दोनेक फूट उंच असलं की छपरावरनं वळलेला वारा धूर परत खाली ढकलत नाही.

गरिबाच्या चुलीला हे धुराडं मिळायला मात्र फार उशीर झाला. 1953 मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका काढली. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला 1983-84 मध्ये. पुढं डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं फलटण भागातही चुलींवर काम केलं. पण नळ आणि टोपी बसवली म्हणजे काम संपत नाही. टोपीखाली काजळी साचली आणि ती कुणी काढली नाही, की धूर पुन्हा स्वयंपाकघरात. कित्येक चुली अशाच मागं पडल्या.

हे आज का सांगतोय? कारण आता जुने वाडे, बंगले दुरुस्त होतायत, होमस्टे निघतायत. गळती थांबवायला धुराड्याच्या तोंडावर सरळ स्लॅब टाकला जातो. पुढं थंडीत कुणी हौसेनं त्याच शेकोटीत कोळसा पेटवला, तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस उठतच नाही. म्हणून गवंड्याला स्पष्ट सांगा: एकतर नीट टोपी घाला, नाहीतर शेकोटीही कायमची बुजवा. वरनं बंद आणि खालनं चालू, हे कधीच नको.

आणि हो, गावी गेलात तर आजीला विचारा, तुमच्या घरात साणं कुठं होतं आणि पावसात ते झाकायला वर कोण चढायचं. उत्तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!