गावातील पवित्र जागा, खासगी जमीन आणि नियोजन : आमोणेकरांसाठी माहिती

आपल्या गावातील देवळे सर्वांना ठाऊक आहेत. श्री बेताळाच्या दर्शनासाठी मुंबईपासून परदेशापर्यंत पसरलेली आमोणेकर कुटुंबे आजही गावी येतात. परंतु गावाचे देवपण देवळाच्या चार भिंतींपुरते कधीच नव्हते. राखणदाराची घुमटी, धालोंचा मांड, होळीची जागा, सांतेरीचे वारूळ, देवाची राय, तळी, झरी आणि शिमेवरचा दगड हे सारे मिळून गाव बनतो. यांपैकी पुष्कळ जागा आज कोणा ना कोणाच्या खासगी जमिनीत आहेत. जमिनी विकल्या जात आहेत, झोन बदलत आहेत. अशा वेळी या जागांचे रक्षण कोणत्या कायद्याने होते, कोठे होत नाही आणि आपण काय करू शकतो, याची एकत्रित माहिती सभासदांसाठी येथे दिली आहे.

कोणत्या जागा?

१. *राखणदार व देवचार.* भाटात, बांधावर किंवा वाटेच्या वळणावर एखादे झाड, दगड किंवा लहान घुमटी. नारळ, विडा, रोट देण्याची रीत. मूर्ती असेलच असे नाही, म्हणून नवख्या माणसाला ती जागा दिसतच नाही.

२. *मांड.* पौष महिन्यात ज्या अंगणात बायका धालो खेळतात तो मांड. शेणाने सारवलेला, चप्पल न घालता जाण्याचा. शिगम्याचे नमन जेथे होते तो मांड वेगळा. अनेक वाड्यांवर मांड हा एखाद्या कुटुंबाच्या अंगणातच असतो. जमीन त्यांची, मान वाड्याचा.

३. *वारूळ.* सांतेरीचे रूप मानलेले. ते फोडायचे नाही, हा गावचा नियम.

४. *देवराई.* आपल्याकडे हिला देवाची राय किंवा देवरान असेही म्हणतात. सत्तरीतील केरीची आजोबाची तळी आणि बांबर येथील निरंकाराची राय ही प्रसिद्ध उदाहरणे. निरंकाराच्या रायीत रानजायफळाच्या जातीच्या झाडांची दुर्मिळ दलदल टिकून आहे, ती केवळ देवाच्या धाकामुळे.

५. *तळी, झरी, पाणवठे आणि शीम.* देवाच्या स्नानाची, विसर्जनाची किंवा सीमेवरच्या विधीची ठिकाणे.

बेताळ रात्री गावाची फेरी मारतो आणि त्याची पायताणे झिजतात, म्हणून त्याला नवी पायताणे अर्पण करतात, ही श्रद्धा गोव्यात व कोकणात सर्वत्र आहे. या श्रद्धेचा अर्थ असा की देवाला गावभर वाट असते. सगळी जमीन कुंपणाने बंद झाली तर मूर्ती सुरक्षित राहील, पण ही वाट राहणार नाही.

थोडा इतिहास

देवस्थान हलवावे लागणे म्हणजे काय, हे आपल्या भागाइतके कोणाला ठाऊक नसेल. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी जुन्या काबिजादीतील देवळे पाडली, तेव्हा दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतील नार्व्याला आला आणि दिवाडीचा गणपती शेवटी आमच्या पलीकडच्या तीरावर खांडोळ्याला स्थिरावला. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी केला. आज हे देऊळ राज्य सरकारचे संरक्षित स्मारक आहे.

मूर्ती होडीतून नेता आली. मांड, झरी आणि राय नेता येत नाही. त्या जागेवरून उठल्या की संपल्या. म्हणून या जागांना जमिनीच्या कायद्याचेच संरक्षण लागते.

जमीन कोणाची?

गोव्यात पवित्र जागेची जमीन साधारणपणे चार प्रकारची असते.

*देवस्थानची* : १९३३ च्या देवस्थान नियमावलीखाली महाजनांच्या ताब्यात, मामलेदार हे प्रशासक. ही मालमत्ता महाजनांना मनास येईल तशी विकता येत नाही. येथे धोका त्यामानाने कमी.

*कोमुनिदादची* : १९६१ च्या कोमुनिदाद संहितेखाली.

*सरकारची* : वन, महसूल अथवा अन्य खात्यांची.

*खासगी* : भाटकाराची, कुळाच्या किंवा मुंडकाराच्या नावे झालेली, अथवा अलीकडे विकत घेतलेली.

चौथा प्रकार सर्वांत नाजूक आहे. बँकेत असताना कर्जासाठी तारण म्हणून येणाऱ्या जमिनींचे शेकडो कागद मी पाहिले. वकिलाच्या टायटल अहवालात बोजा, वारस, कूळ, मुंडकार, कोर्टातील दावा यांची नोंद असे. राखणदाराची नोंद मला एकाही अहवालात आढळली नाही. यात वकिलाचा दोष नाही. एक-चौदाच्या उताऱ्यात जे नाही, ते खरेदीदाराला कळण्याचा मार्गच नाही. जुना भाटकार त्या घुमटीपुढे स्वतः नारळ ठेवत असे, म्हणून लिहून ठेवण्याची गरज पडली नाही. जमीन परक्या हाती गेल्यावर मात्र लिहिलेले तेवढेच उरते.

उपलब्ध कायदे आणि त्यांच्या मर्यादा

*पुरातत्त्व कायदा, १९७८.* राज्य संरक्षित स्मारकांसाठी उपयुक्त. पण त्यासाठी जागेला ऐतिहासिक वा पुरातत्त्वीय महत्त्व सिद्ध व्हावे लागते. सारवलेले अंगण किंवा वारूळ त्यात बसत नाही.

*खासगी वन.* सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर गोव्यात खासगी वने निश्चित करण्याचे काम समित्यांकडे गेले. निकष तीन : किमान ५ हेक्टर क्षेत्र, ४० टक्के वृक्षछाया आणि ७५ टक्के वन्य जातींची झाडे. हे निकष सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये कायम ठेवले. गावची राय बहुधा ५ हेक्टरपेक्षा लहान असते. त्यामुळे झाडे कितीही जुनी असली तरी ती या व्याख्येबाहेर राहते. अशा ठिकाणी १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा कामी येतो. खासगी जमिनीतही झाड तोडण्यास वनखात्याची परवानगी लागते. मात्र तो झाड वाचवतो, जागा नव्हे.

*जैवविविधता कायदा, २००२.* कलम ३७ नुसार राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून अधिसूचित करू शकते. आपल्याच तालुक्यातील सुर्ल येथील पुर्वतळी राय हे गोव्यातील असे पहिले स्थळ. अधिसूचनेमुळे ज्यांचे आर्थिक नुकसान होईल त्यांच्यासाठी योजना आखण्याची तरतूदही याच कलमात आहे. खासगी मालकाशी बोलताना हा मुद्दा जरूर सांगावा. प्रत्येक पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. रायी, तळी आणि झरी या नोंदवहीत असणे ही पहिली पायरी.

*वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२.* कलम ३६-क खाली खासगी किंवा सामुदायिक जमीन समुदाय राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करता येते, मात्र मालकाने वा समाजाने स्वेच्छेने पुढे यावे लागते. पारंपरिक व सांस्कृतिक मूल्यांचे जतन हा उद्देश कायद्याच्या शब्दांतच आहे. राजस्थानातील ओरणांविषयीच्या प्रकरणात १८ डिसेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील देवरायांची पाहणी व्हावी आणि केंद्राने त्यांच्यासाठी धोरण करावे, अशी शिफारस केली आहे.

नियोजन : खरा निर्णय येथे होतो

आमोण्यासारख्या गावात जमिनीवर काय होऊ शकते हे नगर व ग्राम नियोजन कायदा, १९७४ आणि त्याखालचा प्रादेशिक आराखडा ठरवतो. प्रादेशिक आराखडा २०२१ च्या वेळी मसुद्याचे नकाशे गावोगावी पाठवून लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. शेते, बागायती, जलस्रोत यांना नकाशात रंग मिळाले. मांडाला आणि राखणदाराला रंग नाही. सेटलमेंट झोनमधील मांड नकाशाच्या दृष्टीने एक रिकामा प्लॉट असतो.

शिवाय आराखडा झाला म्हणजे विषय संपला असे नाही. २०२३ साली आलेल्या कलम १७ (२) खाली एकेका सर्व्हे क्रमांकाचे झोन दुरुस्त होऊ लागले. त्यासाठी केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. २०२४ साली कलम ३९-अ आले. त्यात प्रस्ताव प्रसिद्ध करून लोकांच्या सूचनांसाठी ३० दिवस देण्याची तरतूद आहे. या कलमालाही न्यायालयात आव्हान दिले गेले. कायद्याचे पुढे काहीही होवो, एक गोष्ट पक्की : नोटीस राजपत्रात सर्व्हे क्रमांकाने येते. आपल्या मांडाचा सर्व्हे क्रमांक कोणालाच ठाऊक नसेल, तर ३० दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले हे गावाला कळणारही नाही.

पेडण्यात मोपा विमानतळानंतर जमिनीची मागणी कशी वाढली ते आपण पाहतोच. आपल्या तालुक्यात दुसरा दबाव खाणींचा आहे. डिसेंबर २०२२ च्या लिलावानंतर डिचोलीच्या खनिज ब्लॉकमधून घरे, देवळे व तळी वगळावीत, अशी मागणी शिरगाव, मुळगाव व लामगावच्या ग्रामस्थांनी लावून धरली. ब्लॉकची हद्द आखली जाण्यापूर्वीच या जागा कागदावर असत्या, तर त्यांचे म्हणणे मांडणे सोपे झाले असते.

न्यूझीलंडचे उदाहरण

हा प्रश्न आपलाच नाही. न्यूझीलंडमधील माओरी लोक आपल्या पवित्र जागांना वाही तापू म्हणतात. त्यांतील कित्येक जागा आज इतरांच्या खासगी शेतांत आहेत. तेथील १९९१ च्या नियोजनविषयक कायद्याने पूर्वजांची भूमी, पाणी आणि वाही तापू यांच्याशी माओरींचे असलेले नाते हा राष्ट्रीय महत्त्वाचा विषय ठरवला. स्थानिक परिषदा आपल्या आराखड्याला अशा जागांची यादी जोडतात. जमीन मालकाचीच राहते, पण तेथे खोदकाम किंवा बांधकाम करायचे तर वेगळी परवानगी लागते. तेथील सरकारने आता हा कायदा बदलण्याचे काम हाती घेतले आहे, तरी पद्धत अभ्यासण्यासारखी आहे.

त्यांची एक युक्ती विशेष लक्षात घ्यावी. काही जागा नेमक्या कोठे आहेत हे जाहीर करणे त्या जमातींना मान्य नसते. मग नकाशावर फक्त एक मोठा परिसर दाखवतात आणि तेथे काम करू पाहणाऱ्याने आधी त्या जमातीशी बोलावे, असा नियम असतो. आपल्याकडेही काही ठिकाणांविषयी बोलायचे नाही, अशी रीत आहे. ती मोडल्याशिवाय नोंद करता येते, हे यावरून दिसते.

आपण काय करू शकतो?

१. *वाडावार यादी.* जागेचे नाव, वाडा, सर्व्हे क्रमांक, उपविभाग, मालक, विधी कोणता व कोणत्या तिथीला, मान कोणाचा, जाण्याची वाट कोणती. मांडकरीण व वयस्क गावकार यांना विचारूनच ही यादी करावी. त्यांनी नाही म्हटलेली जागा केवळ परिसराच्या नावाने नोंदवावी.

२. *ग्रामसभेचा ठराव.* यादी ग्रामसभेपुढे ठेवून ठराव घ्यावा व प्रत नगर नियोजन खात्यास पाठवावी. ठरावाने झोन बदलत नाही. पण पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ खाली बांधकाम परवाना देताना पंचायतीसमोर लेखी आधार राहतो.

३. *उताऱ्यात नोंद.* एक-चौदाच्या उताऱ्यात इतर हक्कांचा रकाना आहे. मालकाची लेखी संमती असल्यास वहिवाटीची वाट व पूजेचा हक्क तेथे नोंदवण्यासाठी अर्ज करता येतो.

४. *विक्रीपत्रातील अट.* जमीन विकावीच लागली, तर पवित्र जागा व तिची वाट वगळून किंवा गावकऱ्यांचा हक्क राखून विक्रीपत्र करावे. वकिलाला हे आधी सांगावे लागते. तो आपणहून विचारणार नाही.

५. *दानपत्र.* शक्य असल्यास तेवढा तुकडा वेगळा करून देवस्थानला द्यावा. गोव्यात पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात आणि वारसांचे हक्क सांभाळावे लागतात, म्हणून सर्व भावंडांची संमती आधी घ्यावी.

६. *राजपत्रावर लक्ष.* यादीतील सर्व्हे क्रमांक हाती असलेल्या दोन-तीन तरुण सभासदांनी दर आठवड्याला झोनबदलाच्या नोटिसा तपासल्या, तर हरकत वेळेत जाईल.

परगावच्या सभासदांना विशेष विनंती

खासगी जमिनीतील बहुतेक पवित्र जागांचे मालक आज दुसरे कोणी नसून आपणच आहोत. पणजी, पुणे, मुंबई किंवा परदेशात राहणाऱ्या कुटुंबांच्या नावे वडिलोपार्जित भाट आहे, त्यात राखणदार आहे आणि पुढच्या पिढीला तो कोठे आहे हे माहीत नाही. जमीन ठेवावी की विकावी हा ज्या त्या घरचा प्रश्न. मात्र मुखत्यारपत्रावर सही करण्यापूर्वी गावातल्या काका-मावशींना एक फोन करून आपल्या भाटात काय आहे ते विचारावे आणि ते कागदावर उतरवावे. ही माहिती असलेली माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

वरील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष व्यवहारात वकिलाचा सल्ला घ्यावा. आपल्या वाड्यावरील जागांची माहिती मंडळाकडे पाठवावी, म्हणजे पौषात धालो सुरू होण्यापूर्वी मांडांची तरी यादी पूर्ण करता येईल.